न मोजलेली हवा

प्रौढ माणूस दिवसाकाठी साधारण १०,००० लिटर हवा छातीत घेतो, आणि त्या हवेबरोबर धूळ, धूर व परागकण यांच्या जोडीने बुरशीचे बीजाणूही त्याच्या श्वासमार्गात शिरतात. बीजाणू म्हणजे बुरशीचे बी. मात्र वनस्पतीच्या बीपेक्षा ते इतके बारीक असते की वाऱ्यावर ते दिवसचे दिवस तरंगू शकते, आणि शिळ्या भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत वा ओल आलेल्या भिंतीवर टेकताच रुजू शकते. अ‍ॅस्परजिलस या एकाच वंशाचे शेकडो बीजाणू माणूस रोज नकळत आत घेतो, आणि तरीही बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, कारण नाकातील केस, श्वासनलिकेतील चिकट स्राव आणि फुप्फुसाच्या वायुकोशांतील भक्षकपेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. म्हणून आरोग्याच्या दृष्टीने हवेत बीजाणू किती आहेत, केवढ्या आकाराचे आहेत आणि ते कोणत्या प्रकृतीच्या माणसाच्या वाट्याला येत आहेत, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

या गोष्टी हैदराबादेत तपासण्यास एक ऐतिहासिक औचित्यही आहे. ‘मलेरिया’ हा शब्द मुळात इटालियन असून त्याचा अर्थ ‘वाईट हवा’ असा होतो. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हिवताप होतो, ही समजूत शतकानुशतके टिकली होती. सिकंदराबादेच्या बेगमपेठ भागात रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी दिसले, आणि हिवतापाच्या बाबतीत हवा निर्दोष ठरली. ती सुटका हिवतापापुरती रास्तच होती; परंतु त्याच शहराच्या हवेतून दम्याच्या रुग्णाच्या छातीपर्यंत, शेतकऱ्याच्या बुबुळापर्यंत आणि मधुमेही माणसाच्या नाकाच्या पोकळीपर्यंत काय पोहोचते, याचा हिशेब मात्र त्यामुळे मिटत नाही.

उडण्याच्या तीन रीती

बुरशीला पाय नाहीत आणि पंखही नाहीत. त्यामुळे एका जागचे अन्न संपण्याआधी संततीला दूर धाडण्याच्या तिच्या रीती मोठ्या कल्पक आहेत. ऑल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, कर्व्ह्युलेरिया आणि अ‍ॅस्परजिलस हे वंश कोरड्या रीतीचे: त्यांचे बीजाणू सुकलेल्या पानावर, कणसावर किंवा कडब्यावर भुकटीसारखे साचतात आणि ऊन तापून वारा सुटला की झडतात. दुसरी रीत तोफेची आहे. काही बुरश्यांचे बीजाणू सूक्ष्म पिशव्यांत भरलेले असतात. पाऊस पडून त्या पिशव्यांनी पाणी शोषले की आतला दाब वाढतो, तोंड उघडते आणि बीजाणू बाहेर फेकले जातात. तिसरी रीत छत्रीच्या आकाराच्या भूछत्रांची आहे, आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. भूछत्राच्या पडद्यांवरील प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक नगण्य थेंब वाढत जातो, बीजाणूच्या अंगावरच्या ओलाव्याला टेकताच तो त्यात विलीन होतो आणि त्या हिसक्याने बीजाणू देठावरून सुटून उडी घेतो. कॅनडातील शास्त्रज्ञ ए. एच. आर. बुलर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा थेंब तयार होण्यास दमट हवा लागते, म्हणून असे बीजाणू बहुधा रात्री आणि पहाटे हवेत अधिक असतात.

परिणामी एकाच शहराची हवा प्रहरागणिक बदलते. कोरड्या दुपारी काळसर-तपकिरी बीजाणूंचे राज्य असते, तर पावसानंतरच्या रात्री फिकट, ओल्या रीतीने सुटलेले बीजाणू वाढतात. वळवाच्या सरीचे पहिले टपोरे थेंब पानांवर आदळताना तिथली कोरडी भुकटी उधळतात, त्यामुळे पावसाच्या आरंभी काही मिनिटे हवेतील संख्या वाढते. पाऊस लागून राहिला की मात्र तोच हवा धुऊन काढतो.

आकारावर बीजाणू शरीरात कुठवर पोहोचणार हे ठरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑल्टरनेरियाचा आडव्या-उभ्या भिंतींनी विभागलेला, गदेसारखा बीजाणू २० मायक्रॉनांहूनही लांब असल्याने तो सहसा नाकात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतो. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचा गोल बीजाणू मात्र जेमतेम दोन-तीन मायक्रॉनांचा असल्याने थेट वायुकोशांपर्यंत उतरतो. पहिल्याने शिंका, नाक गळणे आणि दम्याची धाप हे त्रास होतात; दुसरा, प्रतिकारशक्ती खालावली असेल तर, आत घर करतो.

आठ दिवसांची पट्टी

डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची गणती करण्याचा भारतातील पहिला मोठा उद्योग कलकत्त्यात झाला. डी. डी. कनिंगहॅम यांनी तेथील तुरुंगांच्या आवारातील हवा चिकट काचपट्ट्यांवर टिपून तिच्यातील बीजाणूंची चित्रे १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. कॉलरा आणि तापाच्या साथींचा हवेतील कणांशी संबंध लागतो का, हे त्यांना पाहायचे होते. तसा संबंध लागला नाही, पण हवेतील जीवसृष्टीचा अभ्यास, म्हणजे वायुजीवशास्त्र, भारतात सुरू झाले.

या शास्त्राच्या पुढील इतिहासात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग असलेल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एस. टी. टिळक आणि आर. एल. कुलकर्णी यांनी १९७० मध्ये हवेचे नमुने घेणारे देशी यंत्र सिद्ध केले, आणि ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते देशभरच्या विद्यापीठांत वापरले गेले. यंत्राची रचना साधी आहे. विजेवर चालणारा पंखा एका नळीतून ठरावीक वेगाने हवा ओढतो, ही हवा घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या गोल पिंपावर आदळते, आणि पिंपाभोवती गुंडाळलेल्या, वंगण लावलेल्या पारदर्शक सेलोफेनच्या पट्टीवर तिच्यातील कण चिकटतात. पिंपाचा एक फेरा आठ दिवसांत पूर्ण होत असल्याने पट्टीचा प्रत्येक तुकडा ठरावीक वेळेची हवा दाखवतो. असा तुकडा काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काजळीचे ठिपके, परागकणांचे मोठे गोळे, मधोमध वाकलेला कर्व्ह्युलेरिया आणि साखळीतून तुटून आलेले क्लॅडोस्पोरियमचे दाणे वेगवेगळे ओळखता येतात. ही ओळख आजही अनुभवी डोळ्याचे काम आहे. एकेक बीजाणू पाहून, ओळखून आणि मोजूनच आकडा तयार होतो.

या रीतीला एक मर्यादा आहे. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे गोल बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, त्यामुळे ते वेगळे करण्यासाठी हवा पोषक द्रव्याच्या तबकडीवर सोडून बुरशी वाढवावी लागते. तबकडीवर पुन्हा जिवंत बीजाणूच उगवतात, आणि अ‍ॅलर्जी तर मेलेल्या बीजाणूनेही होते; म्हणून या दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक म्हणून वापराव्या लागतात.

मृग आणि मरळ

जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, महाराष्ट्रात मृग नक्षत्र लागते त्याच सुमारास, तेलंगणात ‘मृगशिरा कार्ते’ सुरू होते आणि नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या रुग्णांच्या रांगा लागतात. बत्तिनी कुटुंबाकडून दिला जाणारा हा ‘मत्स्यप्रसाद’ म्हणजे पिवळसर वनौषधीचा गोळा तोंडात ठेवलेला जिवंत मरळ मासा, आणि तो रुग्णाने तसाच गिळायचा असतो. शाकाहारी माणसाला तोच गोळा गुळातून मिळतो. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे हे कुटुंब सांगते. गोळ्याची कृती गुप्त आहे आणि त्याने दमा बरा होतो याचा शास्त्रीय पुरावा उपलब्ध नाही. तरीही देशभरातून माणसे येतात, यावरून या आजाराचा जाच किती दीर्घ आणि उपचारांवरचा विश्वास किती डळमळीत आहे, हे कळते.

वेळेची निवड मात्र विचार करण्यासारखी आहे. मृगाच्या सरींनी तापलेली जमीन भिजते, पालापाचोळा कुजू लागतो, आणि ज्याला बुरशीची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या कठीण महिन्यांची सुरुवात होते. अ‍ॅलर्जीत बीजाणू शरीरात वाढत नाही. त्याच्या कवचातील प्रथिनांना शरीर शत्रू समजते, त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार ठेवते, आणि पुढच्या भेटीत श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडून नलिका आक्रसवतात. हा प्रकार कधी प्राणावरही बेततो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दम्याने एकाएकी श्वास बंद पडलेल्या ११ तरुण रुग्णांपैकी १० जणांना ऑल्टरनेरियाची अ‍ॅलर्जी आढळली होती.

काही दमेकऱ्यांत अ‍ॅस्परजिलस श्वासनलिकेतील चिकट कफातच मुक्काम करतो, आणि अ‍ॅलर्जी व वस्ती यांचा मिश्र आजार उद्भवतो. त्यात खोकल्यावाटे तपकिरी रंगाचे घट्ट गोळे पडतात आणि छातीच्या एक्स-रेवर डाग दिसतात. क्षयरोग सर्वत्र असलेल्या देशात अशा डागांवर क्षयाचेच निदान होऊन महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जाण्याचा धोका असतो. याउलट, क्षय खरोखर बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढून थुंकीतून रक्त पडू लागले, तर क्षय उलटला असा समज होतो. थुंकीत जंतू सापडत नसताना क्षयाचे औषध पुन्हा सुरू करण्याआधी बुरशीची तपासणी मागणे, ही रुग्णाने लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे.

मुसीकाठची ओल

हैदराबादचा इतिहास मुसी नदीच्या पाण्याने दोनदा तरी हलवला आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव उभे राहिले; १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्रीच्या अतिवृष्टीने अनेक वस्त्या कित्येक दिवस पाण्यात राहिल्या. पूर ओसरल्याची बातमी होते, पण घरांच्या भिंतींतून तो पुढे अनेक महिने ओसरत असतो. भिजलेला लाकडी, कापडी वा कागदी ऐवज एक-दोन दिवसांत वाळवला नाही, तर त्यावर बुरशी धरते, आणि वीट-सिमेंटच्या भिंतीतले पाणी तर महिनोन्‌महिने मुरलेले राहते.

अफझलगंज, बेगमबाजार या भागांतील जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा भिंतीतला ओलावा हळूहळू बाहेर सोडत असे. त्यावर नंतर सिमेंटचा थर आणि प्लास्टिकचा रंग चढला की पाणी आतच कोंडते, रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात आणि कपाटाच्या पाठीमागे काळे-हिरवे ठिपके उमटतात. नव्या इमारतींतही गच्चीची गळती, स्नानगृहाची सामाईक भिंत आणि बंद खिडक्या यांमुळे हेच घडते. उन्हाळ्याच्या सोबतीला असलेला कूलरही यातून सुटत नाही: वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ओल्या जाळ्या आणि टाकीतले शिळे पाणी बुरशीला मानवते, आणि हंगामाअखेर तसाच गुंडाळून ठेवलेला कूलर पुढच्या मार्चमध्ये सुरू केला की पहिला झोत कुबट वासाचा येतो. हा कुबट वास म्हणजे वाढत्या बुरशीने सोडलेली वायुरूप द्रव्ये होत. वास येतो आणि डाग दिसत नाही, तेव्हा बुरशी दडलेली आहे असे समजावे.

पुस्तकांची गोष्ट याहून नाजूक आहे. अफझलगंजातील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८९१ मध्ये आसफिया ग्रंथालय म्हणून सुरू झाले, आणि मराठी माणसांच्या हैदराबादेतील वास्तव्याची साक्ष इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय देते. अशा कोणत्याही संग्रहात कागदातील सेल्युलोज आणि बांधणीची खळ ही बुरशीची मेजवानीच असते. बुरशी धरलेले पुस्तक आपटून झटकल्यास एका पुस्तकाची बुरशी साऱ्या फळीला मिळते. म्हणून ते वेगळे करून, सावलीत वाऱ्यावर पूर्ण कोरडे करून, मगच बारीक गाळणीच्या व्हॅक्यूम यंत्राने वा मऊ कुंचल्याने, तोंडावर मुखपट्टी लावून साफ करतात.

रुग्णालयांत ओलीचा प्रश्न जिवाशी येतो. मुसीच्या काठची उस्मानिया रुग्णालयाची जुनी वारसा-इमारत जुलै २०२० मध्ये कक्षांत पावसाचे पाणी शिरल्यानंतर बंद करण्यात आली. इमारत कोणतीही असो, जुने छत पाडताना आणि भिंत फोडताना साठलेल्या धुळीबरोबर अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू उधळतात, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या वा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना ते प्राणघातक ठरू शकतात. म्हणून बांधकामाची जागा प्लास्टिकच्या पडद्यांनी पूर्ण बंद करणे आणि अशा रुग्णांच्या खोल्यांत अतिसूक्ष्म गाळणीतून आलेली हवा देणे, हा चैनीचा नव्हे तर उपचाराचा भाग ठरतो.

कणसापासून बुबुळापर्यंत

शहराच्या वायव्येस पाटणचेरू येथे १९७२ पासून इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था काम करते, आणि तिथे ज्वारीच्या दाण्यावरील बुरशीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. फुलोरा ते पक्वता या काळात पाऊस लागला की खरीप ज्वारीचे दाणे काळे, गुलाबी वा पांढुरके पडतात; शेतकरी एवढेच म्हणतो की ‘ज्वारी काळी पडली’. त्या रंगांमागे प्रामुख्याने फ्युझेरियम आणि कर्व्ह्युलेरिया हे वंश असतात.

शहराच्या दुसऱ्या भागात, बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेत हीच नावे पुन्हा भेटतात. या संस्थेने १९९१ ते २००० या दहा वर्षांतील, बुरशीने बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, व्रण झालेल्या १,३५२ रुग्णांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात फ्युझेरियम ३७.२ टक्के आणि अ‍ॅस्परजिलस ३०.७ टक्के आढळले, आणि काळसर बुरश्यांमध्ये कर्व्ह्युलेरिया आघाडीवर होती. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या, म्हणजे ५४.४ टक्क्यांच्या, डोळ्याला आधी इजा झाली होती, पुरुष स्त्रियांच्या अडीचपट होते, बहुतेक रुग्ण १६ ते ४९ या कमावत्या वयाचे होते, आणि पावसाळा व हिवाळा या ऋतूंत प्रमाण वाढत होते. वंश तेच असले तरी कणसावरची आणि डोळ्यातली जात एकच असेल असे नाही. तरीही एवढे उघड आहे की निरोगी पारपटलावर पडलेला बीजाणू अश्रूंनी धुतला जातो, आणि भाताच्या तुसाने वा ज्वारीच्या पात्याने ओरखडा काढला तरच त्याला दार सापडते.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे. व्रणाच्या कडेवरून बोथट पात्याने खरवडलेला कणभर अंश काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात. काही मिनिटांत डोळ्याच्या पेशी विरून पारदर्शक होतात आणि त्यांत फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू स्पष्ट दिसू लागतात. वरील पाहणीत अशा साध्या काचपट्टी-तपासण्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक डोळ्यांत बुरशी पकडली होती. घात होतो तो या पायरीआधी: लाल डोळ्यावर दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब टाकले की दोन दिवस बरे वाटते आणि बुरशी फोफावते. मराठी खेड्यांत ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात, त्यातली कित्येक फुले वेळेवर नॅटामायसिन या बुरशीनाशक औषधाचे थेंब मिळाले असते तर टळली असती.

कोटीचा उन्हाळा

बीजाणूपेक्षा शरीराची स्थिती निर्णायक असते, हे मे २०२१ मध्ये कोटी येथील सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयाने शहराला दाखवले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढल्यावर तेलंगण सरकारने हे रुग्णालय त्या आजाराचे मुख्य केंद्र ठरवले, करोनाबाधितांची सोय गांधी रुग्णालयात केली आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी सरोजिनी देवी नेत्ररुग्णालय जोडून दिले. रॉस यांच्या शोधाच्या वर्षीच, १८९७ मध्ये, झालेल्या साथरोग कायद्याखाली या आजाराची नोंद सक्तीची झाली. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले होते.

‘काळी बुरशी’ हे त्या आजाराचे लोकांनी स्वीकारलेले नाव दिशाभूल करणारे होते. बुरशी काळी नसते; ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो. तिचे बीजाणू त्या वर्षी नव्याने आले नव्हते; माती, शेण आणि कुजणाऱ्या फळांतून ते नेहमीच हवेत असतात. करोना, अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा अधिक वा अधिक काळ दिलेली स्टिरॉइड औषधे एकत्र आली, रक्तातील साखर व आम्लता वाढली, आणि एरवी मारले जाणारे बीजाणू नाकाशेजारच्या पोकळ्यांत रुजले. मग अँफोटेरिसिन बी या बुरशीनाशक इंजेक्शनचा तुटवडा आला. कंदी येथील आयआयटी हैदराबादच्या संशोधकांनी त्याच सुमारास या औषधाची तोंडाने घेण्याची गोळी विकसित केल्याचे जाहीर केले.

आकडा नसलेला फलक

आज शहरात हवेच्या गुणवत्तेचे फलक दिसतात. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय निर्देशांकात सूक्ष्म धूलिकणांपासून शिशापर्यंत आठ प्रदूषके मोजली जातात, पण त्यांत बीजाणू नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरातील बीजाणूंची कोणतीही ‘सुरक्षित’ संख्या ठरवली नाही आणि ओल रोखण्यावरच भर दिला. त्याच संघटनेने २०२२ मध्ये आजार करणाऱ्या १९ बुरश्यांची प्राधान्ययादी काढली, तेव्हा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वांत गंभीर गटात ठेवले. सुरक्षित मर्यादा ठरत नाही म्हणून मोजणीच नको, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कोणत्या आठवड्यात कोणता बीजाणू वाढला हे कळले तर दमेकऱ्याला प्रतिबंधक फवारा वेळेत सुरू करता येईल, आणि रुग्णालयाला बांधकामाचा महिना निवडता येईल. त्यासाठीचे यंत्र पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी जुन्या हैदराबाद राज्यातल्याच एका शहरात तयार झाले. कमतरता आहे ती दर आठ दिवसांनी पट्टी बदलणाऱ्या हातांची आणि ती वाचणाऱ्या डोळ्यांची, आणि विद्यापीठांचे वनस्पतिशास्त्र विभाग व महापालिका एकत्र आल्यास ती भरून निघू शकते.

तोवर घराघरांत करण्याजोगे काम थोडे आणि साधे आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळा आणि कपाटामागची भिंत कोरड्या झाडूने झाडू नये. नाका-तोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी लावून ओल्या फडक्याने पुसावी, आणि घरातील दमेकऱ्याला त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. डागावर नुसता रंग मारू नये, आधी गळती शोधावी. मधुमेह्याने साखर ताब्यात ठेवावी, लाल डोळ्यात विचारल्याशिवाय थेंब टाकू नयेत. भिंतीची दुरुस्ती मात्र पुढचा मृग लागण्याआधी पुरी व्हायला हवी.